शुगर बॉर्डरला आली, आता पुढे काय?

गणपती जवळ आले की कोल्हापुरात पेठापेठांतून तालीम मंडळांची रक्ततपासणी शिबिरं लागतात. दोन-तीन दिवसांत अहवाल घरी येतो आणि त्यातली एक ओळ अलीकडे फार जणांच्या वाट्याला येते: ‘एचबीएवनसी ६.१’, आणि शेजारी जाड अक्षरांत ‘प्रीडायबेटिस’, म्हणजे पूर्वमधुमेह. डॉक्टरांकडे गर्दी असते. "बॉर्डरला आहे, जरा गोड कमी करा," एवढं ऐकून माणूस घरी येतो आणि अहवाल कपाटातल्या फायलीत जातो. गोळी दिली नाही म्हणजे आजार नाही, असा आपला हिशेब.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का हे नीट कळावं म्हणून हा लेख. मधुमेहाच्या वाटेवर मागे फिरायची सगळ्यात चांगली संधी याच टप्प्यावर असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या १३.६ कोटींतल्या बहुतेकांना काहीही त्रास होत नसतो. तहान नाही, थकवा नाही, रात्री लघवीला उठणं नाही. म्हणूनच त्यांना कळत नाही.

## अहवालातले आकडे

तीन तपासण्या असतात. पहिली उपाशीपोटीची. किमान आठ तास काही न खाता दिलेल्या रक्तात साखर (दर डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये) १०० च्या खाली असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे पूर्वमधुमेह, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. पाणी चालतं, पण सकाळचा चहा घेऊन गेलात तर ती तपासणी उपाशीपोटीची राहत नाही. दुसरी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी करायची. तिथे १४० ते १९९ हा मधला पट्टा. काहींची उपाशीपोटीची साखर अगदी व्यवस्थित असते आणि गडबड फक्त इथेच दिसते. तिसरी एचबीएवनसी. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना साखर चिकटत राहते. किती चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ टक्क्यांच्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ पूर्वमधुमेह, ६.५ पासून मधुमेह.

मग एक डॉक्टर १०४ ला "बॉर्डर" म्हणतात आणि दुसरे "काही नाही" म्हणतात, असं का? कारण मोजपट्ट्याच दोन आहेत. वर दिलेली अमेरिकी मधुमेह संघटनेची. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीच्या साखरेचा मधला पट्टा ११० पासून धरते. दोघेही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. १०४ असताना पोट सुटलेलं असेल आणि आई-वडिलांना मधुमेह असेल, तर मी पहिल्या डॉक्टरांचं ऐकेन.

आणखी एक गोष्ट, विशेषतः बायकांसाठी. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर एचबीएवनसी असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते. आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन दहाच्या आसपास घुटमळतं, हे घरोघरी ठाऊक आहे. अशा वेळी एकट्या एचबीएवनसीवरून घाबरू नका. उपाशीपोटीची किंवा ग्लुकोजची तपासणी सोबत करून घ्या. बोटाला टोचून बघायचं यंत्र घरी नजर ठेवायला बरं, पण निदान त्याच्यावर करत नाहीत.

## साखर रक्तात साचते कशी

जेवण पचलं की भाकरी, भात, चपाती, बटाटा यांतल्या पिष्टाचं ग्लुकोज होतं आणि ते रक्तात उतरतं. तिथून ते पेशींमध्ये जायला हवं. स्वादुपिंडातून निघणारं इन्सुलिन हे काम करवून घेतं.

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर अडकलेल्या माणसाला पुढचं लगेच समजेल. उसाने भरलेल्या ट्रॉल्या म्हणजे ग्लुकोज, रस्ता म्हणजे रक्त, कारखाना म्हणजे आपले स्नायू आणि यकृत. गेटवर नंबराप्रमाणे गाडी आत सोडणारा माणूस म्हणजे इन्सुलिन. कारखाना जोरात चालू असला की गाड्या काट्यावरून आत जातात, गव्हाणीत रिकाम्या होतात आणि रस्ता मोकळा राहतो. पण गाळप मंदावलं आणि आतला गाडीतळच भरून गेला, तर गेटवरचा माणूस कितीही ओरडला तरी गाडी पुढे सरकत नाही. मग गेटवर आणखी माणसं लावली जातात. स्वादुपिंड हेच करतं, जास्त इन्सुलिन सोडतं. पेशी अशा दाद देईनाशा झाल्या की त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

ही ओढाताण बरीच वर्षं निभते. या काळात अहवाल नॉर्मल येतो, पण आत दुप्पट माणसं राबत असतात. पुढे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकायला लागतात आणि ट्रॉल्यांची रांग गेटाबाहेर हमरस्त्यावर येते. रांग थोडी बाहेर आली तो पूर्वमधुमेह. रस्ताच तुंबला तो मधुमेह.

"रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळची साखर वाढलेली कशी?" हा प्रश्न नेहमी येतो. यकृत रात्रभर स्वतःच थोडी साखर रक्तात सोडत असतं, कारण झोपेतही मेंदूला ती लागते. इन्सुलिन त्याला "आता पुरे" सांगतं. यकृतात चरबी साठली असेल तर हा निरोप नीट पोचत नाही आणि ते साखर सोडतच राहतं. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलेल्या माणसाने म्हणूनच शुगर तपासायला हवी.

नुसतं "गोड कमी करा" हा सल्ला अपुरा का, ते यावरून कळेल. नव्या ट्रॉल्या थोड्या कमी आल्याने रांग काहीशी आखडते. पण गाळप वाढवल्याशिवाय आणि गाडीतळ रिकामा केल्याशिवाय रस्ता मोकळा होत नाही. गाळप म्हणजे स्नायूंचं काम, गाडीतळ म्हणजे पोटातली आणि यकृतातली चरबी.

## "माझं वजन तर बरोबर आहे"

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सारखे आणि आतून इतके वेगळे. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये जन्मलेल्या बाळांच्या अभ्यासातही याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच दिसलं: आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने अंगात चरबी टिकवून. काडीसारखे हातपाय आणि पुढे आलेलं पोट ही ठेवण आपण जन्मापासून घेऊन येतो.

म्हणून काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप आडवा धरून मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, बायकांना ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, या मर्यादा आपल्या लोकांसाठी आहेत. पँटचा नंबर ३४ आहे म्हणून घेर ३४ असं समजू नका. पोट सुटलं की आपण पँट पोटाखाली बांधायला लागतो, आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

अंगावर दिसणारी एक खूण मात्र जरूर सांगायला हवी. मानेच्या मागे, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा येतो. बऱ्याच घरांत आई पोराची मान घासघासून धुते, मळ समजून. तो मळ नसतो. अंगात इन्सुलिन जास्त खेळत असल्याची ती बहुधा खूण असते, आणि हल्ली ती शाळकरी मुलांच्या मानेवरही दिसते.

## "गोड तर मी खातच नाही"

कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. गुऱ्हाळावर काहिलीतून निघालेल्या गरम गुळाची चव ज्याला माहीत आहे, त्याला वेगळं सांगायला नको. पण "साखर सोडली, आता फक्त गुळाचा चहा" असं समाधानाने सांगणारे काका-मामा बघितले की काळजी वाटते. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो, आणि रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते. मध आणि उसाचा रस यांचंही तेच.

चहाचा हिशेब कागदावर मांडून बघा. एका कपात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. घरी दोन, दुकानात किंवा ऑफिसात दोन, संध्याकाळी चौकात एक. झाले ५० ग्रॅम. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची दिवसाची कमाल मर्यादा तेवढीच सांगितली आहे, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम असंही म्हटलं आहे. जिलेबीचा तुकडाही न खाता मर्यादा चहातच संपली.

उपवासाचंही बघा. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस उपवास धरणाऱ्या घरांत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, केळ्याचे वेफर्स यांवर दिवस काढतात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो एरवीच्या भाजी-भाकरीपेक्षा साखर जास्त चढवतो. उपवास मोडा असं मी म्हणणार नाही. शेंगदाण्याची आमटी, ताक, दही, काकडी, राजगिरा यांना ताटात मोठी जागा द्या आणि खिचडी वाटीभरच घ्या.

## खुराक तोच, मेहनत गेली

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, आणि या शहराची खाण्याची रीत त्या आखाड्याभोवती घडली. दूध, तूप, मटण हे जोर-बैठका मारणाऱ्या शरीराचं खाणं होतं. मेहनत बंद झाली की खुराक उतरवावा लागतो, हे तालमीतल्या कोणालाही माहीत आहे. शहराने मात्र मेहनत सोडली आणि खुराक धरून ठेवला. गावाकडेही ट्रॅक्टर आला, दुचाकी आली, बांधावर जाणंसुद्धा गाडीवरून होऊ लागलं.

मला तांबडा-पांढऱ्यावर बोट ठेवायचं नाही. मटणाच्या ताटात साखर चढवतो तो रस्सा नव्हे, रश्श्यासोबत जिरणारा भाताचा डोंगर आणि चार-पाच चपात्या. मटण, रस्सा, कांदा-काकडी घ्या, पण भाकरी किंवा चपाती एक आणि भात दोन घास असं करून बघा. मटणाची चरबी आणि पांढऱ्यातलं खोबरं-काजू हृदयाच्या दृष्टीने रोज नको, पण रविवारचं ताट असं बसवता येतं. मिसळीचंही तसंच. मोडाची मटकी ही त्यातली खरी पौष्टिक गोष्ट, तिच्यात प्रथिनं आहेत, चोथा आहे. उसळ वाढवून घ्या, फरसाण चिमूटभर घ्या, आणि ब्रेडच्या स्लाइस चारऐवजी एक. कट पाहिजे तेवढा नको, त्यावर तेल तरंगत असतं.

ज्वारी आणि नाचणीची भाकरी मैद्याच्या ब्रेडपेक्षा नक्कीच बरी. पण भाकरी चालते म्हणून तीन खाल्ल्या तर फायदा संपला. जेवताना आधी कोशिंबीर-भाजी, मग डाळ, उसळ, अंडं किंवा मटण, आणि भाकरी-भात शेवटी, हा क्रम पाळला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. याला पैसे लागत नाहीत. फळ चावून खा, त्याचा ज्यूस करू नका.

## "बॉर्डरलाच तर आहे, काय बिघडतं?"

दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे पुढची पायरी. चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लुकोज तपासणीत मधल्या पट्ट्यात असलेली ५३१ माणसं घेतली होती. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. निम्म्याहून जास्त. आपल्या लोकांत ही घसरण फार वेगाने होते. दुसरी गोष्ट, हृदय आणि रक्तवाहिन्या १२६ चा आकडा येईपर्यंत थांबत नाहीत. पोटाची चरबी, वाढलेला रक्तदाब आणि बिघडलेलं कोलेस्टेरॉल बहुधा सोबतच असतं, आणि नुकसान याच काळात सुरू होतं.

त्याच चेन्नईच्या अभ्यासात ज्यांच्याकडून आहार आणि व्यायाम नीट करवून घेतला, त्यांचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजन फारसं न उतरता. अमेरिकेतल्या ३,२३४ लोकांवरच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच ध्येय होतं. मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांचा ३१ टक्क्यांनी. पुढे याच लोकांवर नजर ठेवली तेव्हा कळलं की ज्यांची साखर एकदा जरी पूर्ण नॉर्मलला आली, त्यांना पुढच्या वर्षांत मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा ५६ टक्क्यांनी कमी राहिला. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगातल्या लोकांना तीस वर्षांनीही फायदा होत होता, हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी होते.

सत्तर किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे पाच किलो. सहा महिन्यांत पाच किलो, दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. हे जमण्यासारखं आहे.

## मेहनत म्हणजे किती

स्नायू काम करत असला की तो इन्सुलिनची वाट न बघता स्वतःच रक्तातली साखर आत ओढून घेतो. म्हणून जेवल्यानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं चालणं फार मोलाचं. रंकाळ्याकाठी राहणाऱ्यांना तर आयतीच सोय आहे. बाकीच्यांनी गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या तरी चालेल. रोज अर्धा तास दमदार चालणं वेगळं. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग हवा.

चालण्याने सगळं भागत नाही. स्नायू वाढवायचे तर त्यांच्यावर भार पडला पाहिजे. इथे आपल्या मातीतलंच औषध आहे: बैठका. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, सगळ्यात जास्त साखर गिळणारे. आठवड्यातून दोन-तीनदा, खुर्चीचा आधार घेऊन दहा बैठकांपासून सुरुवात करा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसणं-उठणं हीच बैठक. छातीत दुखणं, हृदयविकार किंवा खूप वाढलेलं बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

"दिवसभर घरकाम करते, शेतात राबतो, आणखी कशाला?" भांगलण आणि ऊसतोड ही जबरदस्त मेहनत आहे, ती करणाऱ्याला वेगळ्या फिरण्याची गरज नाही. घरकामात मात्र उभं राहणं जास्त आणि दम लागणं कमी असतं. ते चांगलंच, पण चालण्याऐवजी धरता येत नाही.

झोप सहा-सात तासांपेक्षा कमी होत असेल, किंवा जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, तर तेही साखर बिघडवतं. सिगारेट, विडीही.

## गोळी, चूर्ण आणि काढे

पूर्वमधुमेहात सगळ्यांना गोळी लागत नाही. वजन खूप जास्त, वय कमी, गरोदरपणात मधुमेह होऊन गेलेला, किंवा प्रयत्न करूनही आकडा चढतोय, अशांना डॉक्टर मेटफॉर्मिन सुरू करतात. शेजाऱ्याला चालली म्हणून मेडिकलमधून आणून घेऊ नका. ती वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसाचं तर आधीच कमी असतं.

कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड यांवर लोकांची श्रद्धा आहे. मेथ्यांत चोथा असतो, कारलं चांगली भाजी आहे, खुशाल खा. पण सकाळी कारल्याचा रस पिऊन दिवसभर तेच ताट जेवणाऱ्याचा आकडा उतरत नाही. मोबाइलवर जाहिरात करून विकली जाणारी ‘शुगर मुळापासून घालवणारी’ चूर्णं तर घेऊच नका. अशा काही चूर्णांत चोरून ॲलोपॅथीची औषधं मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

## तपासायचं कोणी आणि कधी

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीनंतर प्रत्येकाची साखर आणि बीपी तपासण्याची तरतूद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. चेन्नईतल्या संशोधकांनी भारतीयांसाठी एक गुणपत्रिका केली आहे. तिच्यात वय, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि आई-वडिलांचा मधुमेह एवढ्या चारच गोष्टी बघतात, रक्त लागत नाही. १०० पैकी ६० किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा. आशाताई घरी आल्या तर त्यांच्याकडूनही चौकशी करून घ्या.

अहवाल बॉर्डरला आलेला असेल तर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, नंतर दर वर्षी. सोबत बीपी आणि कोलेस्टेरॉलही बघा. पाठच्या भावंडांना आणि तिशी ओलांडलेल्या मुलांना सांगा, त्यांनाही तपासणीला पाठवा. गरोदरपणात साखर वाढलेली बाई बाळंतीण झाली की घरचे सगळे बाळाच्या बारशात गुंततात आणि तिची साखर "गेली" असं धरलं जातं. तिची ग्लुकोजची तपासणी बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या आत व्हायलाच हवी, आणि त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावरच ती तारीख लिहून ठेवा.